कोऱ्या चेहऱ्याचे पंधरा सेकंद

मावशी, उद्या तुझं बारावं आहे आणि आज पाच वाजेपर्यंत मला एक पत्र पाठवायचंय. पत्र तुझ्याबद्दल आहे. तू असतीस तर तुला वाचून दाखवलं असतं आणि तू म्हणाली असतीस, "मना काय कलतंय त्यातला? तू बोलशील तेच खरा." माझी पंचाईत तिथेच आहे. मी बोलेन ते खरं, असं तू उगाच धरून चाललीस.

आपल्या लॅबमध्ये ज्यांनी ज्यांनी बाळं आणली, त्या सगळ्या आईबापांना हे पत्र जाणार आहे. सरांनी मसुदा करून दिलाय. सभ्य आहे, सर कधी वाईट लिहीत नाहीत. "आपल्या बाळाची नोंद आम्ही अभ्यासातून काढून टाकत आहोत. बाळाला कोणताही धोका नव्हता आणि नाही." इथपर्यंत ठीक. पुढचं वाक्य असं: "बाळासमोर चेहऱ्याच्या हालचाली करून दाखवणाऱ्या साहाय्यिकेने वारंवार सूचना देऊनही त्या पाळल्या नाहीत."

साहाय्यिका म्हणजे तू. नाव घातलेलं नाही, पण खारघरच्या सोसायट्यांमध्ये नाव घालायची गरज काय? त्यातल्या निम्म्या बाळांना तूच मालीश करून न्हाऊ घातलंयस. पत्र वाचून कुणालाही दोन मिनिटांत कळेल की ही आपली मालीशवाली मावशी. आणि हे वाक्य खोटं असतं ना, तर मी ते केव्हाच खोडून मोकळी झाले असते. ते खोटं नाही. मघापासून मी त्याच्याकडे बघत बसलेय.

तू पहिल्यांदा आलीस तेव्हा आमच्या लॅबला कुत्रं विचारत नव्हतं. कॉलेजच्या मागच्या इमारतीत दोन खोल्या, खिडकीतून टेकडी, आणि दारावर मी मोठ्या हौसेनं लावलेला कागद: "बाळाच्या मेंदूचा अभ्यास". लोकांना वाटायचं, बाळात काही खोट असेल तर इथे आणायचं. दीड महिन्याचं धडधाकट लेकरू कोण कशाला आणेल? एका टॉवरमधली एक आई कशीबशी तयार झाली, आणि माझ्यासारख्या पोरीवर भरवसा नको म्हणून तिनं सोबत तुला आणलं.

तू टोपी हातात घेतलीस. मऊ कापडाची टोपी, आत बारके दिवे. दिव्यांचा उजेड बाळाच्या कवटीतून थोडा आत जातो आणि परत येतो, त्यावरून मेंदूत रक्त कुठे धावतंय ते कळतं. हे सगळं मी तुला समजावत होते आणि तू ऐकत नव्हतीस. "टालूवर बसतेय ना ही?" एवढंच विचारलंस. मग दिवे लावायला लावून टोपी आपल्या तळव्यावर धरलीस. बोटांच्या कडा लाल दिसायला लागल्या. बराच वेळ तशीच उभी राहिलीस, चटका बसतो का बघत. मग त्या आईला म्हणालीस, "घाल. गरम नाय." माझ्या पाच पानी माहितीपत्रकानं जे झालं नव्हतं, ते तुझ्या तळव्यानं झालं.

आणि ते तिटीचं प्रकरण! आठवलं तरी अजून लाज वाटते. कपाळावरच्या दोन दिव्यांचा उजेड परतच येत नव्हता. तीन आठवडे मी मशीन विकणाऱ्या कंपनीला ई-मेल करत होते, त्यांचा इंजिनीअर व्हिडिओ कॉलवर माझ्याकडून स्क्रू काढून घेत होता. तू एकदा आत डोकावलीस आणि बाळाच्या कपाळावरून अंगठा फिरवून माझ्यापुढे धरलास. काजळ. प्रत्येक आई दृष्ट लागू नये म्हणून पोराला तीट लावून आणत होती, आणि काजळ उजेड खाऊन टाकत होतं. टाळूवर भरलेल्या तेलानं टोपी घसरायची ती वेगळीच. माझ्या स्वतःच्या बारशाच्या फोटोत भलीमोठी तीट आहे गं! परभणीची प्रज्ञा पीएचडी करायला निघाली आणि कपाळावरची तीट विसरली. तूच मग तोडगा काढलास. तीट तळपायाला लावायची आणि टाळू घरी गेल्यावर भरायची. एकाही आईनं कुरकुर केली नाही.

तेव्हापासून तू लॅबची झालीस. आधी बाळं आणून द्यायचीस, मग बाळांसमोर बसायला लागलीस. आमचा प्रश्न साधा होता. समोरच्या माणसानं जीभ बाहेर काढली की दीड-दोन महिन्यांचं बाळही काढतं का, आणि त्या वेळी त्याच्या मेंदूत काय होतं? त्यासाठी समोर एक चेहरा लागतो. आधी ठेवलेल्या मुलीला बघून पोरं भोकाड पसरायची. तू बसलीस की गप्प.

तुझ्या कानात बारीक इयरफोन. एक बीप वाजला की जीभ बाहेर, आत, बाहेर. पंधरा सेकंद. दुसरा बीप वाजला की चेहरा कोरा. हसायचं नाही, भुवई हलवायची नाही. तेही पंधरा सेकंद. मग परत जीभ. बाळ कोऱ्या चेहऱ्यासमोरही तेवढीच जीभ काढत असेल, तर ती नक्कल नव्हे, पोरांची नेहमीची चाळवाचाळव. म्हणून सगळं काही त्या कोऱ्या चेहऱ्यावर उभं होतं.

पहिल्याच दिवशी तू भांडलीस. "कोऱ्या तोंडाकडं पोर कसा बगंल गो? मेल्या मानसासारखा तोंड करून बसू काय?"

"पंधरा सेकंदच मावशी."

"पंद्रा सेकंद त्याला वरीस वाटत असंल."

"तू मध्ये उत्तर दिलंस तर कोणी कोणाची नक्कल केली, कसं कळणार?"

"तां मना इच्यार की! आधी आपन पोराची नक्कल करतो. त्यानं तोंड वाकरा केला का आपन वाकरा करतो. मंग त्याला समजतंय का आपला तोंड असा हाय. मंग तो आपली करतो." तेल लावल्यासारखे हात एकमेकांवर चोळत तू हे इतक्या खात्रीनं सांगितलंस की मला हसू आलं. जगभरचे मोठमोठे लोक यावर भांडतायत, आणि ही निघाली निकाल द्यायला, असं वाटलं मला. तू बरोबर होतीस की नाही, मला अजूनही माहीत नाही. वाद अर्ध्यात टाकून गेलीस.

आता जे सांगायचंय ते सांगते. चौथं बाळ होतं. संध्याकाळी तू आणि मी चहा घेत तुझ्या चेहऱ्याचं रेकॉर्डिंग बघत होतो. कोऱ्या चेहऱ्याचे पंधरा सेकंद चालू होते आणि मध्येच तुझी जीभ टुणकन बाहेर आली. मी मागे नेऊन परत लावलं. तिकडे बाळाच्या कॅमेऱ्यात त्यानं जीभ काढलेली दिसत होती आणि तू त्याला उत्तर दिलं होतंस. "मी नाय केला, झाला!" म्हणत तू पदरात तोंड लपवलंस. मी इतकी हसले की चहा टेबलावर सांडला. "परत करू नकोस हां," म्हणाले, हसत हसत. तूही मान डोलावलीस.

पण तू परत केलंस आणि मला ते माहीत होतं. पाचव्या बाळाच्या वेळीही पाहिलं, सहाव्याच्याही. आणि मग मी काय केलं सांगू? तुझ्या चेहऱ्याचा कॅमेरा उघडायचाच बंद केला. बाळांचे आलेख इतके सुरेख येत होते! जीभ दिसली की मेंदूचा तो कोपरा कसा उजळायचा. सर आनंदात होते. माझं कंत्राट दर वर्षी नव्यानं होतं, आणि कामोठ्यात आई सगळ्या बिल्डिंगला सांगून बसलीय की आमच्या घराण्यातली पहिली डॉक्टर होणार. मूग गिळून गप्प बसले. तुला मी फक्त ते एक हसतानाचं वाक्य सांगितलं होतं. "वारंवार सूचना" कधी दिल्याच नाहीत.

मग त्या दिवशी बाहेरगावचे ते प्राध्यापक आले आणि सहज म्हणाले, चेहरा करणाऱ्या बाईंचं रेकॉर्डिंग बघू. सरांनी लावलं. एक बाळ, दुसरं बाळ, तिसरं. दर वेळी कोऱ्या पंधरा सेकंदांत तुझी जीभ. तुला आत बोलावलं. तुझ्या खांद्यावर बाळाचं दुपटं होतं.

आणि मी, जिनं वर्षभर तुला एकदाही अहोजाहो केलं नव्हतं, मी म्हणाले, "मावशी, मी तुम्हाला सांगितलं होतं ना, चेहरा कोरा ठेवायचा म्हणून?"

तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आता तू चहाचं सांगणार. सांडलेल्या चहाचं, माझ्या हसण्याचं. मी मान वळवून स्क्रीनकडे बघत राहिले.

"पोर बोलला मना," तू सरांना म्हणालीस. "मी गप कशी ऱ्हावू?"

"पण सूचना दिली होती ना तुम्हाला?" सरांनी शांतपणे विचारलं.

"दिली व्हती. माजीच चूक." एवढं म्हणून तू इयरफोनची वायर नीट गुंडाळून डबीत ठेवलीस, दुपटं त्या बाळाच्या आईला नेऊन दिलंस आणि गेलीस. मी तुझ्या मागे लिफ्टपर्यंतसुद्धा आले नाही.

पुढचे आठ दिवस मी तुला फोन करणार होते. रोज करणार होते. सोसायटीच्या आयांच्या ग्रुपवर मी आहे, बाळं शोधायला म्हणून. तिथे कोणीतरी लिहिलं, ती मालीशवाली लॅबमध्ये बाळांना काहीतरी करत होती म्हणे, काढली तिला. खाली भराभर उत्तरं आली. बापरे. खरंच? आम्ही उद्यापासून बंद करतो. मी "असं काही नाही" असं लिहिलं आणि पुसलं. परत लिहिलं, परत पुसलं. तुझी चार घरं होती, तीन सुटली. आणि मग एका सकाळी, नातवाच्या अंघोळीचं पाणी तापत ठेवून तू ओट्यावर बसलीस ती उठलीच नाहीस. त्याच ग्रुपवर त्याच बायकांनी हात जोडले. आपल्या लाडक्या मावशी गेल्या. त्यात मीही हात जोडले. हे मात्र मला पुसावंसं वाटलं नाही, बघ.

तुझा रागही येतो मला. खरंच येतो. तू बोलली का नाहीस? एवढी टॉवरच्या आयांना सरळ करणारी बाई, डॉक्टरांच्या तोंडावर "पोराला येवरी औषदा नका देव" म्हणणारी. एक वाक्य बोलली असतीस तर मी तिथेच उघडी पडले असते आणि सुटले असते. तू मला वाचवलंस आणि जन्माची अडकवून ठेवलंस.

दुपारी सरांकडे गेले होते. सर वाईट नाहीत, थकलेत. त्यांना वरच्या लोकांना तोंड द्यायचंय.

"प्रज्ञा, वाक्यात चूक आहे का?"

"नाही सर. अर्धं आहे."

त्यांनी चष्मा काढला. मी सगळं सांगितलं. चौथं बाळ, चहा, बंद केलेला कॅमेरा. मग म्हणाले, "हे लिहिलंस तर तुझं पुढच्या वर्षाचं मी काही करू शकणार नाही. माझ्याच सहीनं थांबवावं लागेल. झाकली मूठ राहू दे की. त्या तर आता नाहीत. त्यांना काय फरक पडतो?"

"नयनाला पडतो," मी म्हणाले.

नयना तुझी सून. मालीश तिला तू शिकवलंस. मुलगा तळोज्याच्या कंपनीत, तोही कंत्राटावरच. आता त्या टॉवरमध्ये नयना जाणार, आणि तिला दारातच विचारणार, तू त्याच मावशीची सून ना?

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हे. आणि संन्यासी मेला की बरंच पडतं, तो बोलायला येत नाही. साडेचार वाजलेत मावशी. थांबते.

*

काल एवढंच लिहून थांबले होते. पत्र पाच वाजायच्या आत गेलं. काय लिहिलं ते पुढे येईलच. सरांनी वाचलं, आपलं नाव काढून टाकलं आणि म्हणाले, "यावर सही फक्त तुझी राहील." मी म्हटलं, बरं.

आज तुझ्याकडे आले होते. गावठाणातल्या त्या बोळात मी याआधी एकदाच आले होते, तुझ्या नातवाच्या पाचवीला. तेव्हा तू पाट्यावर कोरा कागद आणि पेन ठेवलं होतंस, सटवाई येऊन पोराचं नशीब लिहिते म्हणून. मी चेष्टेनं म्हणाले होते, सटवाईला आमच्या लॅबमध्ये पाठव, तिला विचारू पोराच्या डोक्यात काय चाललंय ते. तू मला चापट मारली होतीस. आज तिथेच मंडप होता. चारी बाजूंना टॉवर आणि मधे तुमची सहा-सात घरं. बाहेर बायका जेवणाची तयारी करत बसल्या होत्या. टॉवरमधल्याही दोघीतिघी आल्या होत्या, खुर्चीच्या कडेवर टेकून.

नयना आतल्या खोलीत पाय पसरून बसली होती आणि पायांवर बाळ. तू बसायचीस अगदी तशी. मला बघून म्हणाली, "ये ताई. आई तुजा नाव लय घ्यायची." मग तेलाची वाटी सरकवत म्हणाली, "त्या लायटीचा डोल्यांना तरास व्हायला लागला ना तिला, म्हनून काम सोरला. शेवटी शेवटी बोलायची, प्रज्ञाचा कसा व्हनार माज्याबिगर."

म्हणजे घरी तू हेही सांगितलं नव्हतंस! डोळ्यांचा त्रास म्हणे. मी चहा घेऊन, फोटोला फूल वाहून उठले असते तरी चाललं असतं. या घरात मला कोणी काही विचारणार नव्हतं. पत्र इंग्रजी-मराठीत टॉवरमध्ये फिरलं असतं, नयनापर्यंत यायला महिना लागला असता. खोटं कशाला बोलू, उठावंसं वाटलं.

नाही उठले. सगळं सांगितलं. त्या दिवशी मी काय बोलले तेही, आणि "माजीच चूक" असं तू म्हणालीस तेही.

नयनाचा चेहरा कोरा झाला. तिनं रडायला हवं होतं, मला घराबाहेर काढायला हवं होतं. तसलं काहीच नाही. ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिच्या तोंडावर काही म्हणजे काही नव्हतं. सवयीनं मी मनात मोजायला लागले. दहा, अकरा, बारा. पंधरा झाले. मावशी, फार मोठे असतात गं पंधरा सेकंद. पायांवरचं बाळ तिच्याकडेच बघत होतं. त्यानं हात झाडले, तोंडाचा चंबू केला, जीभ काढून पाहिली. उत्तर येईना तसा त्याचा खालचा ओठ थरथरायला लागला. माझाही लागला. वर्षभर आम्ही असले पंधरा-पंधरा सेकंद मोजून एवढ्याशा पोरांना देत होतो आणि तुला सांगत होतो की उत्तर देऊ नकोस.

शेवटी नयनानं बाळाला उचलून खांद्यावर घेतलं.

"काय लिवलंस त्यात? वाच."

मी फोन काढून हळू आवाजात वाचलं. ती पाठीवर थोपटत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "भायेर चल."

मंडपात आलो. बायकांचे हात थांबले. टॉवरमधल्या दोघी खुर्चीतून अर्धवट उठल्या.

"आता वाच," नयना म्हणाली. "जोरात. सगल्यांना आयकू दे."

समोर तुझा फोटो, हार घातलेला, आणि त्यातही तू हसतेयस, कोरा चेहरा तुला फोटोपुरतासुद्धा कधी जमला नाही. मी फोन वर धरला आणि वाचलं:

"आपल्या बाळासमोर ज्या बसत होत्या त्यांचं नाव हिराबाई. बाळ त्यांच्याशी बोललं की त्या त्याला उत्तर देत. हे मी पहिल्या महिन्यातच पाहिलं होतं आणि लपवून ठेवलं. चूक त्यांची नाही, माझी आहे."